तिचे वाक्य तिचेच असू द्यावे

मार्चमधला पहिला शुक्रवार आमच्या घरी जुम्म्याचा असतो. ख्रिस्ती भगिनींसाठी तोच जागतिक प्रार्थना दिन. 1927 पासून तो जगभर पाळला जातो. आज दीडशेहून अधिक देशांत.

त्याची आखणी कवी म्हणून मला फार मोलाची वाटते. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहितात आणि बाकीच्या जगाने ती आपापल्या भाषेत म्हणायची. 2023 साली तैवान, 2025 साली कुक बेटे, 2026 साठी नायजेरिया. त्यामुळे गावोगावच्या भगिनी मंडळांना बरीच तयारी करावी लागते. आधी त्या देशाची माहिती मिळवायची, मंडळीला सांगायची. मजकुराचे भाषांतर करायचे. वाचन एकीकडेच न ठेवता अनेकींत वाटायचे. जमलेले अर्पण बायका-मुलांच्या कामाला जाते.

या पद्धतीची खरी कसोटी 2024 साली लागली. त्या वर्षीची उपासना पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती बायकांनी लिहिली होती, तीही ऑक्टोबर 2023 च्या युद्धाआधी. युद्ध पेटल्यावर जर्मनीच्या समितीने ती पुस्तिका बदलून पुन्हा काढली. त्यावर वाद झाला.

असा कार्यक्रम करणाऱ्या कोणापुढेही हा प्रश्न येऊ शकतो. दुसरीचे शब्द आपल्याला बोचले, तर काय करायचे? मला वाटते, जोडीला माहिती द्यावी, हवी तर आपली वेगळी प्रार्थना म्हणावी. पण तिचे वाक्य बदलू नये. तिचे ऐकून घेण्यासाठीच तर आपण त्या दिवशी जमलेलो असतो.