पोटाचं दुखणं लपवू नका

शौचावाटे रक्त पडलं की आपल्या घरांत ठरलेलं उत्तर मिळतं : "उष्णता वाढलीय, तिखट कमी कर." फार तर मूळव्याध समजून गप्प बसायचं. पण मंडळी, कारण वेगळंही असू शकतं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांना सूज आणणाऱ्या, वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या व्याधी. ब्रिटनमध्ये आज पाच लाखांहून अधिक लोकांना, म्हणजे साधारण १२३ माणसांत एकाला, त्या आहेत. हे गोऱ्यांचेच आजार असं मात्र समजू नका. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या लेस्टरशायरच्या पाहणीत दक्षिण आशियाई लोकांना कोलायटिस नव्याने होण्याचं प्रमाण युरोपियनांच्या सुमारे दुप्पट आढळलं.

हा संसर्ग नव्हे, आईच्या फोडणीचा दोषही नव्हे. बहुधा तरुण वयातच सुरू होतो, म्हणून कॉलेजातल्या मुलामुलींनाही मोकळेपणी विचारा.

रक्त दिसलं, वजन घटलं किंवा जुलाब आठवड्यात थांबले नाहीत, तर जीपींना स्पष्ट सांगा. आधी शौचाचा नमुना तपासतात, गरज पडल्यास दुर्बिणीने आतडं पाहतात. हा आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी बहुतेकांचा आटोक्यात राहतो. लाजेपायी उशीर नको!