मतदानानंतरचा पनवेलकर

कंपनी सरकारने 1850 साली नगरपालिकांसंबंधी केलेल्या 26 व्या कायद्यात एक अट होती. रहिवाशांनी अर्ज करावा, त्यांची तशी इच्छा असल्याची सरकारने खातरजमा करावी आणि मगच तो कायदा त्या गावाला लागू व्हावा. महाराष्ट्रातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक असलेली पनवेलची नगरपालिका 1852 मध्ये स्थापन झाली ती या काळात. मताचा अधिकार त्या वेळी सामान्य माणसाला नव्हता. सभासद सरकारच नेमीत असे. रहिवाशांच्या हाती होता तो केवळ अर्ज. आज पनवेलकरांना मत आहे आणि तेही एक नव्हे, बहुतेक प्रभागांत चार-चार. परंतु मत दिल्यानंतर अर्ज करण्याची, म्हणजे आपण निवडून दिलेल्या माणसाकडे काही मागण्याची आणि त्याला काही विचारण्याची सवय मात्र क्षीण झाली आहे.

या सवयीला तडा जाण्यास परिस्थितीही कारणीभूत आहे. 1 ऑक्टोबर 2016 रोजी नगरपालिका संपून महापालिका आली. जुने शहर, सिडकोने वसविलेल्या खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आदी वसाहती आणि तालुक्यातील 29 गावे एका छत्राखाली आली. 2017 च्या मे महिन्यात पहिली निवडणूक होऊन 20 प्रभागांतून 78 नगरसेवक निवडून आले. त्यांची मुदत 2022 च्या जुलैमध्ये संपली. पुढची निवडणूक मात्र 15 जानेवारी 2026 रोजी झाली. मधली साडेतीन वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. कर, रस्ते, अंदाजपत्रक, सर्व काही एकाच सहीने चालले आणि जाब विचारावयाचा तर तो कोणाला, हा प्रश्नच उरला नाही. निवडणुका लांबल्याबद्दल राज्यात न्यायालयीन लढाई झाली. त्या लांबण्याविरुद्ध मतदारांचा मोर्चा मात्र क्वचितच निघाला. ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

वास्तविक मोर्चे काढण्यात या जिल्ह्याने कधी हात आखडता घेतलेला नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांचा संप 1933 पासून सहा वर्षे चालला. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर गेलेले दि. बा. पाटील त्या लढ्याच्या अग्रभागी होते आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यातूनच मान्य झाले. लोक आणि त्यांचा प्रतिनिधी एका रस्त्यावरून चालले म्हणजे काय घडते, हे या भागाला कोणी नव्याने शिकवावयास नको. अडचण आहे ती दुसऱ्या प्रकारच्या कामाची. गोळीबाराची आठवण चाळीस वर्षे टिकते. महासभेच्या कार्यक्रमपत्रिकेवरील सतरावा विषय कोणाच्याच लक्षात राहत नाही.

मालमत्ता कराचेच पाहावे. महापालिकेने स्थापनेच्या दिवसापासूनची, म्हणजे 2016 पासूनची कराची बिले एकत्रित पाठविली, तेव्हा सिडको वसाहतींत मोठा असंतोष उसळला. त्याच काळात सिडकोही सेवाशुल्क घेत होती, तेव्हा एकाच सेवेचे पैसे दोनदा का द्यावयाचे, हा रहिवाशांचा सवाल रास्त होता. हरकती नोंदविल्या गेल्या, सभा झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हे सारे बिल हाती पडल्यानंतर. महापालिका अधिनियमानुसार पुढील वर्षाचे करांचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत सभागृहाने ठरवावयाचे असतात. त्या सभेच्या आधी आपल्या नगरसेवकाला गाठून ‘तुम्ही कोणत्या बाजूने हात वर करणार?’ असे विचारणारे किती निघतात? बिलावर भांडणे वकिलाविना होत नाही. ठरावावर भांडण्यास चार शेजारी पुरतात.

नागरिक नगरसेवकाला भेटतच नाहीत, असे मात्र नाही. दाखल्यावर सही हवी असते, मुलाला शाळेत प्रवेश हवा असतो, मंडळाला वर्गणी हवी असते, नळाचे पाणी दोन दिवस आलेले नसते. नगरसेवकही मग लग्नकार्ये, बारशी आणि अंत्ययात्रा यांतच लोकप्रियता मोजू लागतो. त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या दारात कोण कशासाठी उभे असते, याचा हिशेब मतदारांनीही मांडावा. जो वैयक्तिक उपकार मागतो, त्याला पुढे जाब विचारता येत नाही.

शिवाय तोंडी सांगितलेले काम हवेत विरते, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्या कारकुनाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर पोच, आवक क्रमांक आणि तारीख. एवढ्या आयुधांनी जे होते ते आरडाओरड्याने होत नाही. पनवेलमध्ये तर पहिला प्रश्न ‘हे काम कोणाचे?’ हाच असावा लागतो. एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सिडकोचा, तिसरा राष्ट्रीय महामार्गाचा. पाणी कुठे पालिकेच्या देहरंग धरणाचे, कुठे जीवन प्राधिकरणाचे, तर कुठे औद्योगिक महामंडळाचे. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर म्हणूनच इतके सोपे झाले आहे. ते उत्तर लेखी मागावे. लेखी ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणावयाचे तर ‘कोणाकडे येते’ हेही सांगणे भाग पडते. त्याकरिता 2005 चा माहितीचा अधिकार आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. महासभाही, सभासदांनी बहुमताने अन्यथा ठरविल्याखेरीज, जनतेला खुली असते.

प्रेक्षकगृहात बसावयाचे कोणी, हा प्रश्न खराच अवघड आहे. पनवेलचा नोकरदार सकाळची लोकल पकडतो आणि रात्री परततो. सभा असते भर दुपारी. परंतु निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयांतील राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहेत. प्रत्येक वसाहतीने पाळीपाळीने दोघांना पाठविले, तरी कोण बोलला, कोण गप्प बसला आणि कोण आलाच नाही, हे सोसायटीच्या सूचनाफलकावर लागू शकेल. एका प्रभागात चार नगरसेवक असले की प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवितो; त्या फलकावर निदान चारही नावे शेजारी शेजारी येतील.

सर्वांत मोठा तोटा झाला आहे तो महापालिकेत आलेल्या 29 गावांचा. ओवे, पेंधर, रोहिंजण, धानसर येथील गावकऱ्यांना 2016 पर्यंत ग्रामसभा होती. वर्षातून निदान चार वेळा ती भरलीच पाहिजे असे कायदा सांगे आणि ती घेण्यात कसूर करणाऱ्या सरपंचाचे पद धोक्यात येई. खर्चाचा कागद तेथे लोकांसमोर वाचावा लागे. गाव शहरात गेले, नगरसेवक मिळाले, पण ती समोरासमोरची बैठक गेली. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, मात्र तेथे बसतात ते मुख्यतः नगरसेवक आणि अधिकारी. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात एवढेच. सामान्य मतदारासाठी राज्याने 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदानकेंद्रांच्या परिसरातील मतदार एकत्र यावेत, नगरसेवकाने अध्यक्षस्थानी बसावे आणि कामांचा अग्रक्रम तेथे सुचविला जावा, अशी ती कल्पना. राज्यातील बहुतेक महापालिकांत ही क्षेत्रसभा कागदावरच राहिली, कारण ती भरवावी अशी निकड ना शासनाला वाटली, ना नगरसेवकांना. आणि मतदारांपैकी पुष्कळांना तिचे नावही ठाऊक नाही.

पनवेलच्या नव्या सभागृहाकडे पहिला सामुदायिक अर्ज करावयाचा तर तो याच सभेसाठी करावा. 29 गावांनी त्यात पुढाकार घेणे स्वाभाविक ठरेल, कारण काय गमावले हे तेथील वडीलधाऱ्यांना आठवते. अशा सभेस पहिल्या खेपेस पंधरा-वीस माणसे येतील. त्यांतली चार एकमेकांशी भांडतील आणि उरलेली बहुतेक आपापल्या दारासमोरच्या गटाराविषयी बोलतील. ग्रामसभाही काही याहून निराळी नव्हती.