चढवलेलं पाणी

माझी भाची घरच्या घरी दागिने करते. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मणी, तार, हूक आणायचे, रात्री जागून माळा ओवायच्या आणि दिवाळीच्या तोंडावर एखाद्या कार्यालयात भरणाऱ्या प्रदर्शनात टेबल मांडायचं, असा तिचा काही वर्षांचा क्रम आहे. मागच्या दिवाळीत तिच्या टेबलावरचा एक दगड सगळ्यात आधी संपला. वरून साखर भुरभुरल्यासारखे बारीक स्फटिक, आणि घालणारीनं मान हलवली की निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा सोनेरी. "ओरिजिनल आहे ताई, ब्राझीलचा," असं दुकानदारानं सांगितलं होतं. तिनं गिऱ्हाइकांना तेच सांगितलं.

संक्रांतीच्या सुमारास एक बाई लॉकेट घेऊन परत आल्या. त्यांनी ते चांदीच्या निरांजनांबरोबर रांगोळीनं घासलं होतं. उंचवट्यावरचे स्फटिक पांढरेफटक पडले होते. खाचांत मात्र मोरपंखी रंग तसाच लखलखत होता. भाचीनं पैसे परत केले आणि मला फोन केला, "मावशी, मला फसवलं गं."

मी लॉकेट मागवून भिंगाखाली पाहिलं. दगड खरा होता. ब्राझीलचाही असेल. रंग तेवढा दगडाचा नव्हता.

मराठीत रत्नाच्या संदर्भात 'पाणी' दोन तऱ्हांनी येतं. हिऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी म्हणजे आतून येणारं तेज. तांब्यापितळेवर सोन्याचं पाणी चढवलं की तो वरून दिलेला मुलामा. एकाच शब्दाला अस्सल आणि वरवरचं असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत, आणि भाचीचा दगड नेमका या दोन पाण्यांच्या मधे सापडला होता.

आधी दगडाबद्दल. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या दगडात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं त्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपतं. भिंतीवर आधी अकीकाचे थर बसतात, आणि जागा उरली तर आतल्या अंगाला गारगोटीच्या बारीक टोकदार स्फटिकांची साय धरते. बाजारात हिला ड्रूझी म्हणतात. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात असा लाव्ह्याचा मुलूख आहे. आपला दख्खनचा काळा पत्थर हा त्याचा धाकटा भाऊ म्हणायचा; तिकडचा साधारण 13 कोटी वर्षांपूर्वीचा, आपला साडेसहा कोटी. अशी ड्रूझी निघते तेव्हा बहुधा पांढरी, राखाडी किंवा फिकट जांभळी असते. मोरपंखी कधीच नसते.

मोरपंखी होते ती कारखान्यात. दगड स्वच्छ धुऊन, वाळवून एका पोलादी पेटीत ठेवतात आणि पेटीतली हवा पंपानं ओढून घेतात. हवा काढायची कारण ती राहिली तर धातूचे कण तिच्यावर आपटत वाटेतच अडखळतील. मग पेटीतला टायटेनियमचा तुकडा इतका तापवतात, किंवा त्याच्यावर कणांचा असा मारा करतात, की त्याचे अणू सुटून वाफेसारखे पसरतात आणि समोर येईल त्या पृष्ठावर बसतात. पावसात छत्रीखालची जमीन कोरडी राहते, तसा दगड ज्या बाजूवर टेकलेला असतो ती बाजू कोरी राहते. टायटेनियम वापरलं, किंवा त्याच्या जोडीला निओबियम, तर इंद्रधनुष्याचे भडक रंग येतात. प्लॅटिनम किंवा चांदी वापरली की दुधी, मोत्यासारखी झाक येते. तिला बाजारानं 'एंजल ऑरा' असं नाव दिलं आहे. आणि सोनं वापरलं तर दगड निळा होतो.

सोन्यानं निळा, हे वाचून मीही थांबले होते. पण सोनं पिवळं दिसतं ते त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशात. अगदी पातळ वर्ख दिव्यासमोर धरला तर पलीकडून येणारा उजेड हिरवट-निळसर असतो. मायकेल फॅरडेनं सोन्याच्या वर्खाचे आणि कणांचे असे खेळ नीट तपासून 1857 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. 'अ‍ॅक्वा ऑरा' या नावानं विकल्या जाणाऱ्या आकाशी स्फटिकावर असाच सोन्याचा पापुद्रा असतो.

टायटेनियमची गोष्ट निराळी. तिथं रंगद्रव्य असं काही नसतंच. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून थोडा प्रकाश परततो, थोडा आत शिरून खालच्या पृष्ठावरून परततो. दोघांच्या लाटा जुळल्या तर तो रंग उजळतो, एकमेकींना छेदल्या तर विझतो. कुठला रंग उजळायचा हे पापुद्र्याची जाडी ठरवते, आणि तिरकं पाहिलं की प्रकाशाची वाट बदलते म्हणून रंगही सरकतो. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळ्यात पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर हेच दिसतं. लोहारांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी दिलेलं पोलाद पुन्हा तापवताना त्यावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो; तो पृष्ठावरच्या ऑक्साइडच्या वाढत्या जाडीचा असतो, आणि लोहार त्यावरून छिन्नी कधी उचलायची ते ओळखतो. दगडावरचा पापुद्रा किती जाड? माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो पापुद्रे एकावर एक रचता येतील. रांगोळीपुढे तो टिकला नाही यात नवल कसलं! खालची गारगोटी कठीणपणात सातव्या पायरीवर, चाकूलाही दाद न देणारी. तिच्या अंगावरचं पाणी मात्र एका घासण्याचं धनी.

हे तंत्र केवळ दागिन्यांचं नाही. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू, चष्म्याच्या काचेवरची हिरवट झाक, घड्याळाच्या पट्ट्यावरचा न उडणारा सोनेरी रंग ही सगळी हवा काढलेल्या पेटीतली करामत. सुरतेत होणारी प्लॅस्टिकची जरही अशीच: पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर धातूची वाफ बसवायची आणि त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या. स्वस्तातल्या पैठणीचा पदर तिनंच चमकतो. पैठणी घेताना बायका "जर कुठली?" असं विचारतात. दगड घेताना "रंग कुठला?" असं कुणी विचारत नाही.

खड्याच्या पाठीमागे धातू लावून त्याला उजळवायची युक्ती तशी जुनी. कोंदणाच्या बंद घरात खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवतात. जयपूरकडचे कारागीर त्याला डांक म्हणतात. फिकट खडाही त्यामुळे भरदार दिसतो, आणि आत ओल गेली की डांक काळवंडून खडा आंधळा होतो. पॅरिसमध्ये 1730 नंतरच्या दशकात गेओर्ग फ्रीड्रिश श्ट्रास या जवाहिऱ्यानं शिशाच्या काचेचे खोटे हिरे अशाच पत्र्याच्या जोरावर दरबारात खपवले. खपवले म्हणजे उघडपणे, काच म्हणून. त्याच्या नावावरून जर्मन आणि फ्रेंच भाषांत अशा खड्याला आजही श्ट्रास म्हणतात.

पत्रा पाठीमागून पुढे आला 1956 मध्ये. ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या वॅटेन्स गावी डॅनिएल स्वारोव्हस्कीनं 1895 साली काचेला पैलू पाडायचा कारखाना काढला होता. त्याच्या यंत्राचं पेटंट 1892 चं. त्याचा नातू मानफ्रेड यानं पॅरिसच्या ख्रिस्तियाँ दिओरबरोबर काम करताना काचेच्या खड्यावर धातूचा पापुद्रा बसवून ध्रुवीय प्रकाशासारखी झळाळी आणली आणि तिला नाव दिलं 'अरोरा बोरिआलिस'. आज कुठल्याही मण्यांच्या दुकानात 'एबी' मागा, दुकानदार न विचारता तो मणी काढून देईल. त्या दोन अक्षरांमागे दिओर आहे हे बहुधा दोघांनाही ठाऊक नसतं. एबीचा पापुद्रा साधारणपणे एकाच बाजूला देतात, म्हणून माळ फिरली की मणी विझतो आणि पेटतो.

काचेवरून ही कला खऱ्या दगडावर आली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या अ‍ॅझोटिक या कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रंगहीन पुष्कराजाला टायटेनियमचं पाणी चढवलं आणि तो 'मिस्टिक टोपाझ' म्हणून जगभर गेला. त्यात हुशारी अशी की पापुद्रा खड्याच्या खालच्या, कोंदणात लपणाऱ्या पैलूंवर देतात. वरून घासलं तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते सोनाराच्या हातून, झाळकामाची आच लागली किंवा खडा पुन्हा पॉलिशला लावला तर.

आता जुन्यात शिरते, कारण या गोष्टीचा सगळ्यात मजेशीर भाग तिथं आहे. रोमन लेखक प्लिनी यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'निसर्गेतिहासा'चा शेवटचा, 37 वा खंड रत्नांवर आहे. हिंदुस्थानातले लोक स्फटिकाला रंग देऊन इतर रत्नांची, विशेषतः बेरिलची, नक्कल करतात, अशी नोंद त्यानं त्यात केली आहे. म्हणजे या धंद्यात आपण नवखे नाही; दोन हजार वर्षांपूर्वी रोमपर्यंत आपली ख्याती पोचली होती! आणि 'बेरिल' हा शब्दही आपल्याकडूनच गेलेला. वैडूर्य, प्राकृतात वेरुलिय, ग्रीकांच्या तोंडी बेरिलोस, तिथून अरबीत बिल्लौर, आणि फारसीच्या वाटेनं परत आपल्या दारात: बिलोरी. बिलोरी आयना, बिलोरी बांगडी म्हणताना आपण आपलाच शब्द परदेशी पेहरावात वापरत असतो. जर्मन भाषेत चष्म्याला 'ब्रिल्ल' म्हणतात, तोही याच कुळातला. त्या चष्म्यावर आज बसणारा पापुद्रा वर येऊन गेलाच आहे.

मुलामा देण्याला माझा विरोध नाही. पितळेच्या पातेल्याला आपण कल्हई करतच होतो. कल्हई उडते हे सगळ्यांना माहीत होतं, कल्हईवाला दारात यायचा, पुन्हा करून द्यायचा. दगडावरचा हा पापुद्रा गेला की गेला. घरात किंवा सोनाराकडे तो पुन्हा चढत नाही. तेव्हा विकणाऱ्यानं निदान सांगावं. सांगत नाहीत, आणि नावंही न सांगण्याच्या सोयीची ठेवली आहेत. 'टायटेनियम क्वार्ट्झ' म्हटलं की जणू खाणीतून तसाच निघाला. 'ऑरा' म्हटलं की वर चार आध्यात्मिक गुण चिकटवायला मोकळीक. दागिन्यावर हॉलमार्क आहे ना, असं गिऱ्हाईक म्हणतं. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची खूण सक्तीची झाली खरी, पण हॉलमार्क सांगतो तो सोन्याचा कस. दागिन्यात बसवलेल्या खड्याबद्दल तो मुका आहे.

ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. मण्याचं भोक पाहावं: कडेला रंग उडून आतली पांढरी गारगोटी दिसते. दगडाची पाठ पाहावी: टेकलेल्या जागी पांढरे डाग असतात. दहापट भिंगातून कडांवर ओरखडे दिसतात. आणि घेतला तर रांगोळी, टूथपेस्ट, पॉलिशची पावडर यांपासून लांब ठेवावा. ओल्या मऊ फडक्यानं पुसून वेगळ्या पिशवीत घालावा. एवढं केलं तर तो बरीच वर्षं राहतो, आणि देखणाही आहेच.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला अगदी अनपेक्षितपणे सापडली. आपल्या जळगाव जिल्ह्यात काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून असा स्फटिक निघतो की ज्याच्यावर कुणी काहीही न चढवता इंद्रधनुष्य दिसतं. त्याला आयरिस क्वार्ट्झ म्हणतात. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले लिन आणि हीनी यांनी तो तपासून 2017 साली 'जेम्स अँड जेमॉलॉजी' या नियतकालिकात त्याचं कारण मांडलं. गारगोटीतल्या अणूंची मांडणी जिन्यासारखी गोल वळत जाते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. या स्फटिकात डाव्या आणि उजव्या वळणाचे अतिशय बारीक थर एकाआड एक बसले आहेत, आणि सीडीवरच्या रेघांप्रमाणे ते प्रकाश विखुरतात. हे रंग स्फटिकाच्या सगळ्या अंगावर नसतात, टोकाच्या ठराविक फलकांवरच दिसतात, तेही एखाद्या कोनात धरल्यावर. कारखान्यातला दगड चहूकडून भडक असतो. खानदेशातला लाजरा असतो.

भाचीला मी तो दाखवायचं ठरवलं आणि एका संग्राहकाच्या घरी घेऊन गेले. तिनं पाच मिनिटं उलटसुलट फिरवला तेव्हा कुठे एक हिरवी-गुलाबी तिरीप चमकून गेली. "विकला जाणार नाही गं हा," ती म्हणाली. "लोक म्हणतील, रंग कमी आहे." धंद्याच्या दृष्टीनं तिचं बरोबर आहे. या वर्षीही ती टायटेनियमचेच दगड विकते आहे. मात्र प्रत्येक डबीत मराठीत छापलेली चिठ्ठी असते: दगड खरा, रंग धातूच्या मुलाम्याचा, घासू नये.

खानदेशातल्या वाचकांना मात्र एक विनंती. विहीर खणताना, खडी फोडताना काळ्या दगडात पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली पोकळी निघाली, तर तिच्यावर सुरुंग लावण्याआधी एक टोकदार स्फटिक उन्हात धरून फिरवून बघा. रंग दिसला तर तो पुसू नका, घासू नका. कुठल्या गावच्या, कुठल्या शिवारातल्या, किती खोलीवरच्या दगडात मिळाला ते कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. जागा ठाऊक नसलेला दगड अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा नसतो.