दामाजीचे कोठार आणि केडगावची 'मुक्ती'

मार्गशीर्ष हा भगवंताने आपली विभूती म्हणून गौरविलेला मास. या मासाच्या शुद्ध एकादशीस गीताजयंती येते आणि पंचांगाच्या फेऱ्यानुसार तिच्या मागेपुढे ख्रिस्ती बांधवांचा नाताळही येतो. २०२० साली तर हे दोन्ही दिवस २५ डिसेंबर रोजी एकत्रच आले होते. एका घरी गीतेचे पारायण, तर शेजारच्या घरी दारावर कागदी चांदणी, असे दृश्य आपल्या गावांना नवे नाही. या पर्वकाळात भाविक वाचकांपुढे आम्ही जो विषय मांडू इच्छितो, तो दोन्ही घरांचा आहे. ईश्वरावर भार टाकून संसार करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तो विषय होय.

गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्य भक्तांचा योगक्षेम स्वतः वाहण्याचे अभिवचन भगवंताने दिले आहे. आचार्यांनी या पदाची फोड करून ठेवली आहे: जे प्राप्त झालेले नाही ते मिळवून देणे हा योग, आणि जे प्राप्त झाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तीत भाकरी मागितली आहे ती केवळ आजची. उद्याच्या कोठाराची मागणी तीत नाही. पर्वतावरील प्रवचनात त्याने आकाशातील पाखरांचा दृष्टान्त दिला. ज्याने चोच दिली तो चारा देईल, असे आपली आजी ज्या श्रद्धेने म्हणत असे, तीच ही श्रद्धा.

परंतु कीर्तनाच्या पूर्वरंगात हा सिद्धान्त मांडला की श्रोत्यांतून एक प्रश्न उमटतोच. चारा देणारा देतो, तर मग दुष्काळात भाविक माणसे उपाशी का मेली? हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. ज्याच्या घरी चूल विझली आहे त्याचा हा प्रश्न आहे आणि त्यास बगल देऊन पुढे जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. याचे उत्तर शोधताना ज्या एका स्त्रीच्या चरित्रापाशी आम्ही पुनःपुन्हा येऊन थांबतो, ती स्त्री आपल्याच पुराणिकाच्या घरात जन्मली आणि ख्रिस्ताच्या पायाशी जाऊन विसावली. पंडिता रमाबाई हे तिचे नाव.

पुराणिकाची कन्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न वैष्णव ब्राह्मण. स्त्रीला देववाणी शिकविण्याचे धाडस त्यांनी आपल्या पत्नीपासून आरंभिले आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार देऊन आपला पक्ष मांडला. पतीकडून मातेला आणि मातेकडून कन्येला संस्कृत विद्या मिळाली. भागवतपुराण या मुलीला मुखोद्गत झाले.

हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थोतीर्थी फिरत असे. देवळाच्या सभामंडपात पुराण सांगावयाचे, श्रोते जे फूल, धान्य, पैसा पोथीपुढे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा आणि उरेल ते दानधर्मात घालावयाचे. मागावयाचे नाही, साठवावयाचे नाही. या वृत्तीस आपण अयाचित वृत्ती किंवा आकाशवृत्ती म्हणतो. आरतीच्या तबकात पडेल त्यात समाधान मानणाऱ्या आम्हा कीर्तनकारांना ती परकी नाही.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ऐकणारेच उपाशी, तेथे पोथीपुढे कोण काय ठेवणार? विद्वत्ता होती, परंतु अंगमेहनतीची सवय नव्हती आणि हात पसरणे कुळाला ठाऊक नव्हते. अकरा दिवस या कुटुंबाने रानात पाणी आणि झाडपाल्यावर काढले. १८७४ साली काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील व मग आई गेली. पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ साली पतीही पटकीने गेला. कडेवर तान्ही मनोरमा आणि कपाळी वैधव्य घेऊन ही विदुषी पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच २९ सप्टेंबर रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

शारदासदन आणि वाद

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी उच्चवर्णीय विधवांसाठी 'शारदासदन' उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. खर्च अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे देण्याचे मान्य केले होते. धर्माच्या बाबतीत सदनाने तटस्थ राहावे, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार होते. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. मग गावात काहूर उठले. 'केसरी'ने कडक टीका केली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात या ठिकाणी एक शल्य असते. अन्न देऊन धर्म नेला, हे ते शल्य. ते आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. १८९३ सालीच शिकागो येथे स्वामी विवेकानंदांनी मिशनऱ्यांना खडसावून सांगितले होते की हिंदुस्थानला धर्माची वाण नाही, भाकरीची आहे. भुकेल्याच्या पानाजवळ मतांतराची अट ठेवणे हा अन्नाचाही अवमान आणि धर्माचाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याची ज्या रूपावर श्रद्धा असेल, ती श्रद्धा भगवंत तेथेच दृढ करतो, अशी ग्वाही गीतेच्या सातव्या अध्यायात आहे. ज्या ग्रंथात ही ग्वाही आहे तो मानणाऱ्यास कोणाची श्रद्धा हलविण्याची घाई असू नये.

पण शल्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या मुली सदनात आल्या तेव्हा त्यांचे केस उतरविलेले होते, त्यांना शुभकार्यात उभे राहण्याची बंदी होती आणि आपल्याच घरी त्या ओझे झाल्या होत्या. आपले दार मिटलेले होते म्हणून त्यांना दुसरे दार ठोठवावे लागले. याच सदनातील प्रारंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. पुढे १८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले आणि त्यातूनच हिंगण्याचे विद्यापीठ उभे राहिले. हिंदू समाजाने स्वतःचे दार उघडले ते असे. सेवेला उत्तर द्यावयाचे ते सेवेनेच, हा धडा अण्णासाहेबांनी घालून दिला.

केडगावचे रान

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे स्वतःचे अकरा दिवस उभे राहिले असतील. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका घेऊन आल्या. ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर होता, नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन रमाबाईंनी आधीच घेतली होती. त्या उघड्या रानात त्यांनी बिऱ्हाड हलविले. 'मुक्तिसदन' ते हेच. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर येथील लेकीबाळींची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

घरच्या दहा माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची आखणी करणाऱ्या गृहिणीने क्षणभर कल्पना करावी: दोन हजार पाने, रोज, आणि उत्पन्नाची हमी नाही! अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ सालीच संपली होती. रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. या जर्मन साधुपुरुषाने १८३६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे अनाथगृह उघडले आणि पुढे दोन हजार मुलांची सोय होईल अशी पाच विशाल घरे बांधली. त्यांचे नियम दोनच: माणसापुढे हात पसरावयाचा नाही आणि कर्ज करावयाचे नाही; जे मागावयाचे ते प्रार्थनेत. मात्र आलेल्या पै-पैचा हिशेब ते दरवर्षी छापून प्रसिद्ध करीत. हे वाचून रमाबाईंच्या मनात आले की ईश्वरावर असा भार परदेशात टाकता येतो, तर तो हिंदुस्थानात का टाकता येऊ नये?

वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही अयाचित वृत्ती रमाबाईंना विलायतेतून प्रथम मिळाली असे नव्हे. ती त्यांच्या रक्तातच होती. सभामंडपात पोथी उघडून बसणाऱ्या अनंतशास्त्र्यांचे व्रत कन्येने वेगळ्या नावाने पुन्हा घेतले. फरक पडला तो एकाच ठिकाणी. वडिलांच्या हाती केवळ पोथी होती. कन्येने पोथीबरोबर पहार आणि खुरपेही हाती घेतले. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, मळे पिकविले गेले, माग चालू लागले, छापखाना उभा राहिला. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात आली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' वेगळे झाले. पहाटे प्रार्थना आणि मग दिवसभर काम, असा तेथील क्रम होता. भाकरी देवाकडे मागावयाची आणि पीठ आपण दळावयाचे!

त्याच छापखान्यात या संस्कृत पंडितेने आपले शेवटचे कार्य सिद्धीस नेले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत उतरविले, आणि तेही खेड्यातील बाईला कळावे अशा साध्या मराठीत. खिळे जुळविण्यापासूनची कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली. १९२१ साली एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. तरीही हात थांबला नाही. भाषांतर हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.

टाळ-चिपळ्यांची साथ

ख्रिस्ती प्रसाराची दुसरी वाट आम्हा कीर्तनकारांच्या अंगणातूनच गेली आहे. फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात ओवीछंदात रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची कथा अभंगांतून आणि कीर्तनातून सांगितली. विलायती चालींपेक्षा संतांची वाणी मराठी मनाला भिडते, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडून संन्यस्त वृत्तीने राहू लागले. अशा पतीबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ज्यांनी वाचले आहे, त्यांना रोजच्या डब्यातील पिठाशी श्रद्धेचे नाते किती जवळचे असते ते सांगावयास नको.

योगक्षेम वाहतो कोण?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चारा देणारा असता भाविक उपाशी का मेले? याचे उत्तर आम्हास दामाजीपंतांच्या आख्यानात सापडते. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला तेव्हा पांडुरंगाने आकाशातून धान्याचा पाऊस पाडला नाही. त्याने दामाजीला कोठाराची कुलपे काढण्याची बुद्धी दिली, आणि कुलपे निघाल्यावर मग विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे भरणा करण्यास तो स्वतः धावला. आधी कोठार उघडले, मागून देव धावला, हा क्रम विसरता कामा नये. भगवंत योगक्षेम वाहतो तो कोणाच्या तरी खांद्यावरून. त्याने ज्याच्या खांद्यावर हात ठेवला त्याने खांदा काढून घेतला, तर तेवढ्या घरी चूल विझते. १८७४ साली डोंगरे कुटुंबाच्या वाटेवर कोणी दामाजी भेटला नाही. त्या घरातील वाचलेली मुलगी पुढे स्वतःच दामाजी झाली.

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे आणि उद्याच्या धास्तीने कोठारास दुहेरी कुलूप घालणे हे तर त्याहून नव्हे. आजचे काम आज करावे, आजच्या भाकरीबद्दल कृतज्ञ असावे आणि आपल्या पानातील घास दुसऱ्याचा योगक्षेम असू शकतो हे स्मरावे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या पूर्वजांनी वैश्वदेव, गोग्रास, अतिथिभोजन ही नित्यकर्मे लावून दिली ती याचसाठी.

गीताजयंतीस अठरा अध्याय वाचून झाले की नैवेद्याच्या पानाशेजारी शिध्याचे एक जादा ताट काढावे आणि ते जात, पंथ, नाव न विचारता ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याच्या दारी पोहोचवावे. ते ताट कोणत्या देवाच्या नावाने काढले, याची चौकशी वैकुंठातही होणार नाही आणि स्वर्गातही होणार नाही. श्रीपांडुरंग सर्वांचा योगक्षेम वाहो आणि तो वाहण्यासाठी आपले खांदे मजबूत ठेवो, हीच या पर्वकाळी त्याच्या चरणी प्रार्थना.