रांग कोणत्या खिडकीवर लावायची?

निकालाची वेळ दुपारी एकची असली, की एक वाजून एक मिनिटाने शाळेच्या कार्यालयात हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "सर, पान उघडतच नाही!" लाखो विद्यार्थी आणि पालक एकाच क्षणी एकच पान मागत असतात. ते देणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, एका सेकंदात ठरावीक विनंत्याच पुऱ्या करू शकतो. म्हणून एकाऐवजी चार सर्व्हर ठेवतात. पण आलेली विनंती चौघांपैकी कोणाकडे पाठवायची? हे ठरवणारा कोणीतरी दारात उभा असावा लागतो. तोच लोड बॅलन्सर. पूर्वी यासाठी बहुधा खास यंत्र विकत घेत. आज साध्या संगणकावर चालणारी मोफत सॉफ्टवेअरही हे काम चोख करतात. त्यांतले कोणते घ्यावे, हे ठरवण्यापूर्वी वाटपाचे नियम पाहू.

सर्वांत सोपा नियम पाळीपाळीचा. पहिली विनंती पहिल्या सर्व्हरकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आणि शेवटच्यानंतर पुन्हा पहिल्याकडे. सगळ्या विनंत्या सारख्या वजनाच्या असतील, तर याहून जास्त काही लागत नाही. पण समजा, दोनच सर्व्हर आहेत आणि विनंत्या या क्रमाने येत आहेत: गुणपत्रिका, पहिले पान, गुणपत्रिका, पहिले पान. गुणपत्रिका तयार करायला वेळ लागतो, पहिले पान चटकन देता येते. पाळीने वाटल्यास विषम क्रमांकाच्या, म्हणजे सगळ्या जड विनंत्या एकट्या पहिल्या सर्व्हरवर पडतील. मोजणी समान, भार मात्र एकतर्फी!

यावर दुसरा नियम असा, की ज्याच्याकडे या क्षणी सर्वांत कमी जोडण्या चालू आहेत त्याला काम द्यायचे. हे अधिक शहाणपणाचे वाटते, आणि बहुतेक वेळा असतेही. पण यात एक मजेदार खोच आहे. एखादा सर्व्हर बिघडला आणि प्रत्येक विनंतीला क्षणात 'चूक झाली' असे उत्तर देऊ लागला, तर त्याच्याकडच्या जोडण्या सदैव सर्वांत कमी दिसतील. मग येणारी गर्दी नेमकी त्याच्याचकडे लोटली जाईल.

तिसरा नियम विद्यार्थ्याच्या संगणकाच्या पत्त्यावरून सर्व्हर ठरवण्याचा. अर्धवट भरलेला अर्ज एकाच सर्व्हरच्या स्मृतीत असेल, तर पुढची विनंतीही त्याच्याकडेच जायला हवी. नाही तर भरलेली माहिती नाहीशी होते. एका प्रवेशप्रक्रियेसाठी आम्ही हाच नियम निवडला आणि चांगलेच तोंडघशी पडलो. शाळेच्या प्रयोगशाळेतले चाळीस संगणक इंटरनेटच्या एकाच जोडणीतून बाहेर पडतात, त्यामुळे बाहेरच्या जगाला ते एकाच पत्त्याचे दिसतात. चाळीसही मुले एकाच सर्व्हरच्या दारात आणि बाकीचे सर्व्हर रिकामे! शेवटी अर्धवट अर्ज सर्व्हरच्या स्मृतीतून काढून सगळ्यांच्या सामाईक साठ्यात ठेवले, तेव्हा ही अडचण सुटली.

आणखी एक नियम वर्गात करून पाहण्यासारखा आहे. सहा वाट्या, छत्तीस खडे आणि एक फासा घ्या. पहिल्या खेळात फाशावर येईल त्या क्रमांकाच्या वाटीत खडा टाका. दुसऱ्या खेळात प्रत्येक खड्यासाठी फासा दोनदा टाका आणि त्या दोन वाट्यांपैकी कमी खडे असलेली निवडा. पहिल्या खेळात एखाद्या वाटीत नऊ-दहा खडे सहज जमतात. दुसऱ्यात बहुधा सात, फार तर आठ. दहा लाख वाट्या आणि दहा लाख खडे घेतले, तर सर्वांत भरलेल्या वाटीत पहिल्या रीतीने साधारण आठ-नऊ, तर दुसऱ्या रीतीने चार खडे असतात. अझार, ब्रॉडर, कार्लिन आणि अप्फाल यांनी 1994 साली यामागचे गणित मांडले. दोनच सर्व्हरांची विचारपूस करून एवढा फायदा मिळतो, हे आम्हांला अजूनही नवलाचे वाटते.

आता सॉफ्टवेअर. लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हे 1998 साली वेनसोंग झांग यांनी सुरू केले. ते पाकिटावरचा पत्ता तेवढा वाचते, आतले पत्र उघडत नाही. म्हणून अतिशय वेगवान. त्याच्या एका रचनेत तर उत्तर लोड बॅलन्सरकडे न येता सर्व्हरकडून थेट विद्यार्थ्याकडे जाते. पण गुणपत्रिकेच्या विनंत्या वेगळ्या काढायच्या असतील, तर पत्र वाचावेच लागते. ते काम विली टारो यांचे 2001 सालचे एचएप्रॉक्सी आणि इगोर सिसोएव्ह यांचे 2004 साली खुले झालेले एंजिन-एक्स, ही दोन्ही करतात. एंजिन-एक्स मुळात स्वतःही पाने पुरवणारा सर्व्हर आहे. चित्रे आणि ठरलेली पाने त्याच्याकडूनच परस्पर जाणार असतील, तर तेच घ्यावे. मात्र त्याच्या मूळ मांडणीत सर्व्हर आजारी असल्याचे खरी विनंती फसल्यावरच कळते. मग त्या सर्व्हरला दहा सेकंद वगळले जाते. एचएप्रॉक्सीत तपासणी चालू केली, की ते दर दोन सेकंदांनी प्रत्येकाची नाडी स्वतःच पाहते आणि सलग तीनदा उत्तर न मिळाल्यास त्याला बाद करते. निकालासारख्या दिवशी आमचे मत एचएप्रॉक्सीला. पण तपासणीत केवळ 'दार उघडे आहे का' एवढेच पाहू नये, एखादी गुणपत्रिका खरोखर मागून पाहावी.

आणि थोडे अंकगणित. चार सर्व्हर, प्रत्येकाची क्षमता सेकंदाला 200 विनंत्या, येणाऱ्या विनंत्या 700. सारे सुरळीत आहे. एक बंद पडला, तर उरलेली क्षमता 600. दर सेकंदाला 100 विनंत्या तुंबतील आणि दहा मिनिटांत 60,000. इथे वाटपाचा कोणताही नियम उपयोगाचा नाही. एचएप्रॉक्सीत प्रत्येक सर्व्हरला एका वेळी किती जोडण्या द्यायच्या, याची मर्यादा घालता येते. वरचे लोक दाराबाहेर रांगेत थांबतात. त्यांना उशीर होतो, पण उरलेले तीन सर्व्हर गर्दीखाली कोलमडत नाहीत आणि सेकंदाला 600 मुलांना आपला निकाल दिसत राहतो.