तबकडीची मागची बाजू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूर्वी ग्रामोफोनच्या लहान तबकडीला दोन बाजू असत. पुढच्या बाजूला चालणारं गाणं, मागच्या बाजूला कंपनीच्या मते जरा कमी चालणारं. मार्च १९६८ मध्ये बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्रज चौकडीची एक तबकडी निघाली. पुढच्या बाजूला ‘लेडी मॅडोना’ होतं. मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ नावाचं अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं होतं. त्यात गिटार नाही, ड्रम नाही. सनई, सरोद, बासरी, पेटी आणि पखवाज आहे. आवाज जॉर्ज हॅरिसनचा आहे, रचनाही त्याचीच. पण हा सगळा वाद्यमेळ वाजला तो लंडनला नव्हे, मुंबईच्या फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एका इमारतीत.

रॉक म्हटलं की आपल्याकडे अनेक जण कानांवर हात ठेवतात. पण साठीच्या दशकात त्या संगीतात एक नवा प्रवाह आला. तीन मिनिटांची चौकट मोडायची, वाद्यं कुठूनही घ्यायची, गाण्यातून विचार सांगायचा. पुढं त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असं नाव पडलं. या वाटेवर आधी पाऊल टाकणाऱ्यांत हॅरिसन होता, आणि त्याच्या हातात होती सतार. या सतारीमागं आपल्याकडची कितीतरी माणसं उभी आहेत. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. मला आज बोलायचं आहे ते त्या नावांबद्दल.

सुरुवात लंडनपासून करू. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्याच्या वेळी हॅरिसनच्या सतारीची तार तुटली, असं सांगतात. नवी तार आणायची कुठून? तेव्हा आयाना अंगडी या गृहस्थांकडं विचारणा झाली. अंगडी हे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कन्नड मुलखातले. शिकायला म्हणून विलायतेला गेले आणि तिथलेच झाले. पत्नी पॅट्रिशिया यांच्यासह त्यांनी १९४६ मध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही संस्था काढली होती. हिंदुस्थानी गवई-वादकांना लंडनमध्ये मंच मिळवून देणं हे तिचं काम. तारेच्या निमित्तानं ओळख झाली आणि पुढं त्यांच्याच वर्तुळात १९६६ मध्ये हॅरिसनची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंगडींनी एका तबलावादकाला फोन केला. आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्ज नावाच्या एकाबरोबर वाजवायचं आहे, एवढंच सांगितलं. कोण जॉर्ज, ते काही बोलले नाहीत. न्यायला दारात रोल्स रॉइस गाडी उभी राहिली तेव्हा त्या तबलजींच्या लक्षात आलं की हे प्रकरण साधं नाही. त्यांचं नाव अनिल भागवत. आडनाव ऐकून आपल्याला ओळखीचं वाटावं असंच. हॅरिसननं त्यांना सोळा मात्रांत काही वाजवायला सुचवलं, म्हणजे आपला तीनतालाचा हिशेब, आणि बाकी मोकळीक दिली. गाणं होतं ‘लव्ह यू टू’. ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर अनिल भागवत हे नाव छापलं गेलं. आपलं नाव तिथं आलं याचा त्यांना आयुष्यभर अभिमान वाटला, हे त्यांनी पुढं सांगितलं आहे. मानधन किती मिळालं याची आठवण त्यांनी सांगितली नाही, नावाची सांगितली. यातच सगळं आलं.

कारण पुढच्याच वर्षी काय झालं पाहा. १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी गेल्या शतकातल्या सर्वात गाजलेल्या तबकड्यांपैकी एक. तिच्यात हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’ हे पाच मिनिटांचं गाणं आहे. त्यात दिलरुबा आहे, तानपुरा आहे, स्वरमंडळ आहे, तबला आहे. दिलरुब्याची मींड विलायती व्हायोलिनवाल्यांच्या बोटांत कशी आणायची, याचा निर्माता जॉर्ज मार्टिन यांना मोठा खटाटोप करावा लागला. आठ व्हायोलिन आणि तीन चेलो त्या मींडीमागं धावत होते. एवढं सगळं झालं, पण वेष्टनावर आपल्या वादकांपैकी एकाचंही नाव नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी ही नावं सर्वदूर पोचली ती जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१७ च्या सुमारास, त्या तबकडीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं. म्हणजे एक पिढी ते सूर ऐकत म्हातारी झाली आणि वाजवणारे कोण, हे तिला कळलं नाही.

हा निव्वळ काळ्या-गोऱ्याचा भेद होता असं मात्र मी म्हणणार नाही. ‘रिव्हॉल्व्हर’वरच्या ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात आठ इंग्रज तंतुवादक वाजवतात. त्यांचीही नावं त्या वेष्टनावर नाहीत. साथ करणाऱ्याला संध्याकाळचे पैसे द्यायचे आणि विसरायचं, ही रीतच होती. आपल्याकडं तरी वेगळं काय होतं? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातलं ते प्रसिद्ध गाणं निघालं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा करणारी पत्रं आणि फोन श्रोत्यांनी रेडिओ केंद्राकडं सुरू केले, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. नाव परत मिळवून देण्यात रेडिओच्या श्रोत्यांचा असा वाटा आहे, हे आज इथून बोलताना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता मुंबईकडं येऊ. हॅरिसन पहिल्यांदा सतार शिकायला मुंबईत आला तो सप्टेंबर १९६६ मध्ये. मिशी वाढवून, केस कापून, ‘सॅम वेल्स’ या खोट्या नावानं तो ताजमहाल हॉटेलात उतरला होता. तरी बातमी फुटलीच, हॉटेलखाली पोरांची गर्दी झाली आणि गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं. त्या दिवसांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनी त्याला धडे दिले. जगात ज्याचं नाव सगळ्यांच्या ओठी, त्याला ते लपवून ठेवावं लागत होतं. आणि ज्यांचं नाव कुणी विचारत नव्हतं, ती माणसं त्याला शिकवत होती.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला. ‘वंडरवॉल’ नावाच्या इंग्रजी चित्रपटाचं संगीत त्याच्याकडं होतं. शंभू दास यांनी वादक जमवले. जागा होती एचएमव्हीचा ध्वनिमुद्रण कक्ष. तेव्हा लंडनमध्ये बीटल्स चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करत. म्हणजे फितीवर चार वेगळ्या पट्ट्या. एकीवर आवाज, दुसरीवर वाद्यं, चूक झाली तर तेवढीच पट्टी पुन्हा करायची. मुंबईत मात्र मोनो यंत्र होतं. सगळे आवाज एकाच पट्टीवर. कंपनीचे एक तरुण अधिकारी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र रेल्वेनं मुंबईला आणलं, असं हॅरिसननं पुढं कृतज्ञतेनं सांगितलं. हेच मेनन १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीचे प्रमुख झाले आणि पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाची १९७३ ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी त्यांनी अमेरिकेत घरोघर पोचवली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सर्वात खपलेल्या तबकडीमागं एक मल्याळी माणूस होता, हे आपल्या तरुण मुलांनाही सहसा ठाऊक नसतं.

दोन ट्रॅकचं यंत्र म्हणजे पुन्हा जुळवाजुळव करायला वाव फार थोडा. सगळ्या वादकांनी एकत्र बसायचं आणि एका दमात वाजवायचं. एकाची सम चुकली की सगळ्यांनी पुन्हा. त्यातून ती खोली काही पूर्ण आवाजबंद नव्हती. खाली कचेऱ्या होत्या. संध्याकाळी साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावरून कारकुनांच्या पायांचा दणदणाट व्हायचा आणि काम थांबवावं लागायचं. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत यायचा. नीट कान दिला तर त्या तबकडीत तो कुठं कुठं ऐकू येतो, असं खुद्द हॅरिसननंच म्हटलं आहे. मला ही गोष्ट फार आवडते. घरी निघालेल्या त्या टॅक्सीवाल्यांना आपण बीटल्सच्या माणसाच्या तबकडीत आहोत याचा पत्ताही नसेल.

‘वंडरवॉल म्युझिक’ १ नोव्हेंबर १९६८ ला निघालं. बीटल्सपैकी एकानं स्वतंत्रपणे काढलेली ही पहिलीच मोठी तबकडी, आणि त्यांच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीचीही पहिली. आणि हिच्यावर वादकांची नावं आहेत. सरोद आशीष खाँ, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र. सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य, शंकर घोष. बासरीवर एस. आर. केंकरे. तारशहनाईवर विनायक व्होरा. तारशहनाई म्हणजे गजानं वाजवायचा इसराजच, पण त्याला ग्रामोफोनसारखा भोंगा जोडलेला. त्यातून तारेचा आवाज सनईसारखा बाहेर पडतो. पेटी आणि तबलातरंग रिजराम देसाद. संतूरवर शिवकुमार शर्मा, जे पुढं संतूरचं दुसरं नावच झाले. फक्त वेष्टनावर त्यांचं आडनाव ‘शेर्मार’ असं छापलं आहे. सनईवर दोघं, शरद आणि हनुमान. आडनाव छापलंय ‘जादेव’. इंग्रजांनी काहीही लिहो, मराठी कान तिथं ‘जाधव’च ऐकतो.

नाव चुकीचं छापणं ही लहान गोष्ट नाही. माझं स्वतःचं नाव मी मराठीत तीन-चार तऱ्हांनी छापलेलं पाहिलं आहे. एका स्मरणिकेत तर कविता माझी आणि खाली नाव कुणाचंच नाही. त्या दिवशी वाटलं, चुकीचं का होईना, असायला हवं होतं. चुकलेलं नाव दुरुस्त करता येतं. न लिहिलेल्या नावाला शोधायचं कसं?

‘द इनर लाइट’चं हेच झालं. याच मुक्कामात, १२ जानेवारीला, तिचा वाद्यमेळ मुद्रित झाला. सरोद, सनई आणि पखवाज यांचा उसळता तुकडा, मग पेटी आणि बासरीचा शांत तुकडा, अशी तिची बांधणी. बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची. फीत लंडनला गेली, तिथं चार ट्रॅकच्या यंत्रावर उतरवली आणि फेब्रुवारीत हॅरिसननं तिच्यावर आपला आवाज चढवला. बीटल्सच्या लहान तबकडीवर आलेली ही त्याची पहिली रचना. तबकडीवर रचनाकार म्हणून हॅरिसनचं नाव आहे, वादकांचं एकही नाही.

आणि शब्द कुणाचे? मूळ विचार चीनचा, लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’मधला. घराचा उंबरठा न ओलांडताही जग जाणता येतं, असा त्याचा आशय. त्याचा इंग्रजी अनुवाद केला हुआन मास्कारो यांनी. मूळचे स्पेनच्या मायोर्का बेटावरचे, केंब्रिजला संस्कृत शिकवणारे, उपनिषदं आणि गीता इंग्रजीत नेणारे. टीव्हीवर हॅरिसनची मुलाखत पाहून त्यांनी त्याला पत्र लिहिलं, आपलं पुस्तक पाठवलं आणि या वचनांना चाल लावून पाहा, असं सुचवलं. म्हणजे चिनी ऋषी, स्पॅनिश अनुवादक, इंग्रज गायक, आणि वाजवायला खाँ, मिश्र, चौरसिया. फोर्टमधल्या त्या खोलीत त्या दिवशी कुणी कुणाला तुमचा धर्म कोणता, भाषा कोणती असं विचारल्याचं दिसत नाही. सूर लागला की नाही एवढंच विचारलं जात असावं.

याच कंपनीत त्या काळी जी. एन. जोशी हे आपले मराठी गायक अधिकारी होते. नागपूरकडची वकिली सोडून ते गाण्याकडं वळले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांनी गायली आणि आमच्या वऱ्हाडचा कवी तबकडीमुळं महाराष्ट्रभर पोचला. शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची तबकडीही जोशींच्याच देखरेखीखाली झाली. मेहकर आमच्या कामरगावापासून काही फार लांब नाही. तिथली एक कविता आणि लंडनची एक चाल या दोन्हींची वाट एकाच कंपनीच्या दारातून गेली, याचं मला अप्रूप वाटतं.

२०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्यानं निघालं, तेव्हा त्यात ‘द इनर लाइट’च्या नुसत्या वाद्यमेळाचं एक वेगळं मुद्रण जोडलं गेलं. हॅरिसनचा गाता आवाज त्यात नाही. फक्त ती माणसं वाजवत आहेत. मिळालं तर जरूर ऐका. हॅरिसन २००१ मध्ये गेला. शिवकुमार २०२२ मध्ये गेले, आशीष खाँ २०२४ मध्ये. सूर मात्र जानेवारी १९६८ मधलेच आहेत, ताजे.

आपल्या गावातही लग्नात सनई वाजते, उरुसात कव्वाली होते, सप्ताहात मृदंग घुमतो. मोबाइलवर आपण त्याचं चित्रण करतो आणि दूरवर पाठवतो. पाठवताना एक करा. खाली वाजवणाऱ्याचं नाव लिहा. त्यालाच विचारून, बरोबर लिहा. त्याला दोन शब्द जास्त लागतील, पण पन्नास वर्षांनी कुणाला शोधत बसावं लागणार नाही.