वायडी, मंडाले आणि पेन्सिल

'वायडी' हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो ना? वायडी लागली की राहिलेले विषय द्यायचे, बाकी वर्षभर घरी. लेक्चर नाही, सबमिशन नाही. माझा एक मित्र सध्या यातून जातोय. तो म्हणतो, "पेपरचं टेन्शन नाही रे, दिवस संपत नाही त्याचं आहे." त्यावर सगळ्यांचा एकच सल्ला : मन शांत ठेव. पण ठेवायचं कसं, हे कोणीच सांगत नाही!

मला यात लोकमान्य टिळकांचं उदाहरण पटतं. (कॉन्व्हेंटवाल्यांना टिळक म्हणजे शेंगांच्या टरफलांची गोष्ट, बास!) २२ जुलै १९०८ ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वय ५२, त्यात मधुमेह. ब्रह्मदेशातल्या मंडाले तुरुंगात त्यांची खोली लाकडी होती, ऊन-थंडी थेट आत. सोलापूरच्या मे महिन्यात अशा खोलीची कल्पना करा!

टिळकांनी मन शांत करण्यासाठी वेगळं काही केलं, असं मला वाटत नाही. त्यांनी रिकाम्या वेळाला काम लावलं. पुस्तकं मागवली, पाली, जर्मन, फ्रेंचचा अभ्यास केला. शाई मिळत नव्हती, म्हणून 'गीतारहस्य' पेन्सिलने लिहिलं. गंमत म्हणजे एवढा मोठा ग्रंथ १९१०-११ च्या एका हिवाळ्यात लिहून झाला. म्हणजे सहा वर्षांतले फक्त काही महिने! बाकीचा काळ वाचन, टिपणं, विचार. बाहेरून बघणाऱ्याला तो 'टाइमपास'च वाटला असता. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. तिथेही आठवड्याला एक ठरलेलं काम होतंच.

पण शांत म्हणजे दगड नव्हे. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ते मंडालेतच होते. संकटं शांतपणे घ्यायची मला सवय आहे, पण या धक्क्याने मी हललो, असं त्यांनी घरच्या पत्रात सरळ लिहिलं. मला तरी ते पत्र ग्रंथापेक्षा जवळचं वाटतं.

जून १९१४ मध्ये ते सुटले, तेव्हा वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. नंतर त्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये 'गीतारहस्य' छापून आलं.